रवांडा : तळ्याकाठची गावं आणि आपला अभिमान

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्रवासाचे अनुभव’ असं छापलं आहे. त्यामुळे काहींना वाटेल, आता जंगल, सिंह, गोरिला. तर आधीच सांगते, गोरिला मी पाहिले नाहीत. त्याचा परवानाच दीड हजार डॉलरचा आहे. मी रवांडात दहा दिवस होते आणि त्यातले बहुतेक दिवस कबरींजवळ गेले. उरलेले एका मोठ्या तळ्याच्या काठी. ही दोन वाक्यं वेगळी वाटतात, पण त्या देशात ती वेगळी करता येत नाहीत.

मला तिथे का जायचं होतं, हेही सांगते. आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर एक संदेश फिरतो. १९९४ साली रवांडात लाखो लोक मारले गेले, चर्चमध्येसुद्धा कत्तली झाल्या, पण मुसलमानांनी एकाही माणसावर हात उचलला नाही, उलट सगळ्यांना वाचवलं, आणि नंतर अर्धा देश मुसलमान झाला. दर रमजानमध्ये हा संदेश येतो. खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’ असतंच. मला तो संदेश आवडायचा. खरं सांगायचं तर आपल्याबद्दल चांगलं बोलणारं हल्ली एवढं कमी येतं, की आलं की तपासावंसं वाटत नाही. त्यात खरं किती आणि भर घातलेलं किती, हे मला बघायचं होतं. त्याचं उत्तर मी शेवटाकडे देईन, कारण बाकीचं कळल्याशिवाय ते उत्तर नीट कळणार नाही.

थोडी पार्श्वभूमी. रवांडा महाराष्ट्राच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा देश. सगळा डोंगराळ. हुतू, तुत्सी आणि अगदी थोडे त्वा. भाषा एकच, किन्यारवांडा. धर्म बहुतेकांचा एकच, ख्रिश्चन. वस्ती एकाच टेकडीवर, घराला घर लागून. आपसांत लग्नंही होत होती. हुतू-तुत्सी हा भेद पूर्वीही होता, पण बेल्जियमच्या राजवटीने १९३०च्या दशकात तो ओळखपत्रावर छापला. मुलाला बापाचा गट लागायचा. स्वातंत्र्य १९६२ मध्ये आलं, बेल्जियन गेले, ओळखपत्रावरची ती ओळ तशीच राहिली. आधी तुत्सी सरदारांना वर बसवलं होतं, आता हुतूंचं राज्य आलं, आणि १९५९ पासून हजारो तुत्सी शेजारच्या देशांत पळाले. त्यांच्या पुढच्या पिढीने युगांडातून १ ऑक्टोबर १९९० ला सशस्त्र चढाई केली. ती संघटना म्हणजे आरपीएफ. त्यानंतर देशात राहिलेला प्रत्येक तुत्सी सरकारी प्रचारात ‘आतला शत्रू’ झाला. ६ एप्रिल १९९४ च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान किगालीवर पाडलं गेलं, आणि रात्रीतच रस्त्यांवर नाके उभे राहिले. पुढच्या सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे ८ लाख आणि रवांडा सरकारच्या म्हणण्याप्रमाणे १० लाखांहून जास्त माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, आणि त्यांच्यासोबत या सगळ्याला विरोध करणारे हुतूही.

नाक्यावर काय व्हायचं? ओळखपत्र दाखव. एवढंच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे फॉर्ममध्ये एखादा रकाना वाढवायचा असला की कोणी फार विचार करत नाही, ‘राहू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणतात. रवांडात तो रकाना साठ वर्षं पडून होता. तो भरणारे कारकून कधीच मरून गेले होते. उपयोग मात्र झाला. किगालीच्या संग्रहालयात ती जुनी ओळखपत्रं काचेखाली ठेवली आहेत. साधी कागदी, शिक्का मारलेली, आपल्या जुन्या रेशनकार्डासारखी. मी त्यांच्यापुढे बराच वेळ उभी होते.

हे संग्रहालय गिसोझी नावाच्या टेकडीवर आहे. २००४ मध्ये सुरू झालं. त्याच्या आवारात अडीच लाखांहून जास्त लोक पुरलेले आहेत. आकडा परत ऐका, एका बागेत अडीच लाख. वर सिमेंटचे लांबरुंद चौथरे, बाजूला गुलाब. आतल्या एका दालनात फक्त लहान मुलांचे मोठे फोटो आहेत. प्रत्येकाखाली चार ओळी. नाव, वय, आवडीचं खाणं, आवडता खेळ, जिवलग मित्र. आणि शेवटी, मरण कसं आलं. या शेवटच्या ओळी मी इथे वाचून दाखवणार नाही.

न्यामाता किगालीच्या दक्षिणेला तासाभरावर. विटांचं साधं चर्च. १९९२ मध्ये या भागात हल्ले झाले होते, तेव्हा लोक चर्चमध्ये लपले आणि वाचले. तेव्हा तिथल्या एका इटालियन बाईंनी, तोनिया लोकातेल्ली त्यांचं नाव, परदेशी पत्रकारांना फोन करून काय चाललंय ते सांगितलं. त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांची कबर चर्चच्या बाहेर आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये लोक त्याच विश्वासाने परत चर्चमध्ये आले. या वेळी दार फोडलं गेलं. आत आणि आवारात सुमारे दहा हजार माणसं मारली गेली. आज आत गेलात तर बाकांवर कपड्यांचे ढीग आहेत. माणसं नाहीत, फक्त त्यांचे कपडे, मातीच्या रंगाचे झालेले. पत्र्याच्या छताला भोकं आहेत आणि त्यांतून उजेडाचे बारीक ठिपके खाली पडतात. फोटो काढायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे.

तळघरात कवट्या आणि हाडं मांडून ठेवली आहेत. इथे मला एक गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे, कारण ती तुमच्याही मनात येईल. आपल्याकडे मय्यत झाली की घाई असते. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, आणि सूर्य मावळायच्या आत माती. मृताची विटंबना होऊ नये, त्याला झाकावं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. देशाच्या दक्षिणेला मुरांबी येथे तर एका तांत्रिक शाळेच्या वर्गांत चुन्यात जतन केलेले शेकडो देह बरीच वर्षं तसेच ठेवले होते. मला ते सहन झालं नाही. सोबतच्या मार्गदर्शक बाईंना मी विचारलं, यांना माती का देत नाही? त्या स्वतः त्यातून वाचलेल्या. त्या म्हणाल्या, काही जणांना तुमच्यासारखंच वाटतं, माझ्या बहिणीलाही वाटतं. पण असं काही झालंच नाही म्हणणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हे ठेवलंय. आणि मग म्हणाल्या, मला माझी आई सापडलीच नाही, त्यामुळे मी यातल्या कोणालाही आई समजू शकते.

मला अजूनही वाटतं, माती द्यायला हवी. पण हा निर्णय माझा नाही, हेही तिथे कळलं. दर एप्रिलमध्ये, ‘क्विबुका’ म्हणजे स्मरणाच्या काळात, नव्याने सापडलेले अवशेष शवपेट्यांत घालून सन्मानाने पुरतात. अजूनही सापडतात. शेत नांगरताना, पाया खोदताना.

आता पश्चिमेकडे जाऊ. किगालीहून किबुयेला जाणारा रस्ता म्हणजे तीन तास नुसती वळणं. वाटेत न्यांगे लागतं. इथल्या चर्चमध्ये दीड हजारांहून जास्त तुत्सी लपले होते. १६ एप्रिल १९९४ ला चर्चच्या इमारतीवर बुलडोझर चालवला गेला आणि छत त्यांच्यावर कोसळलं. तिथल्याच धर्मगुरूला, अथानास सेरोम्बा याला, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलं आणि अपिलात जन्मठेप दिली. बुलडोझर म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला दिसलं. मी इथे घाईने रेघ ओढणार नाही. आपल्याकडे घरं पाडली जातात हा अन्याय आहे, तो आपल्या जागी पुरेसा मोठा आहे, त्याला दुसऱ्याचं नाव द्यायची गरज नाही. न्यांगेला आत माणसं होती. शब्द जपून वापरले नाहीत तर उद्या खरी वेळ आली तेव्हा आपल्याकडे शब्दच उरणार नाही.

त्याच न्यांगेत एक शाळा आहे. नरसंहार संपून तीन वर्षं झाली होती. १८ मार्च १९९७ च्या रात्री काँगोतून घुसलेले बंडखोर वर्गात शिरले आणि मुलांना म्हणाले, हुतू एका बाजूला, तुत्सी एका बाजूला. मुलं हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचे, एवढंच म्हणाली. गोळीबार झाला, ग्रेनेड फेकले गेले, काही मुलं गेली. त्यांच्यात हुतूही होते, ज्यांना बाजूला सरकून वाचता आलं असतं. तुमच्याहूनही लहान मुलं. रवांडाने त्यांना राष्ट्रीय वीर म्हणून गौरवलं आहे. चर्च आणि शाळा, दोन्ही एकाच गावात. मी तिथे अर्धा तासच थांबले, कारण गाडी पुढे जायची होती. जास्त थांबायला हवं होतं असं आता वाटतं.

किबुये. आता नकाशावर कारोंगी म्हणतात, २००६ मध्ये नावं बदलली. इथे पहिल्यांदा किव्हू तळं दिसतं. तळं म्हणजे आपल्या गावातला तलाव डोळ्यांपुढे आणू नका. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४६० मीटर उंचीवर, पलीकडचा काठ काँगोचा. हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मधे छोटी बेटं. संध्याकाळी कोळी तीन-तीन होड्या लांब काठ्यांनी एकमेकींना जोडून, गाणी म्हणत मासेमारीला निघतात आणि रात्रभर त्यांचे दिवे पाण्यावर दिसतात. सांबाझा नावाची बोटाएवढी मासळी मिळते, तळून खातात. आपल्या कोकणातल्यांना लगेच आवडेल. इंजिनिअर मंडळींसाठी एक माहिती. या तळ्याच्या खोल पाण्यात प्रचंड मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे. वरून काही कळत नाही. किबुयेजवळ पाण्यात तराफा उभा करून तो मिथेन बाहेर काढतात आणि त्यावर २६ मेगावॅट वीज तयार होते. २०१६ पासून. गॅस एकदम बाहेर आला तर काठावरच्या लाखो लोकांना धोका आहे, म्हणून तो थोडा थोडा काढून घेणं शहाणपणाचंही आहे.

या तळ्यात शिरलेल्या एका उंचवट्यावर दगडी चर्च आहे. रंगीत काचा, तिन्ही बाजूंनी पाणी. मी पाहिलेल्या प्रार्थनास्थळांत इतकी सुंदर जागा क्वचितच असेल. १७ एप्रिल १९९४ ला तिथे आसरा घेतलेल्या हजारो लोकांची कत्तल झाली. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, गावातल्या गात्वारो स्टेडियममध्ये. लोकांना तिथे ‘संरक्षणासाठी’ जमवलं होतं. जमवणारा जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी, क्लेमां कायिशेमा. तो मुळात डॉक्टर. न्यायाधिकरणाने त्याला १९९९ मध्ये जन्मठेप दिली.

डॉक्टर. हे मी मुद्दाम सांगते. आपल्या चळवळीत आपण म्हणतो, समाज शिकला की सुधारेल. मुलींना शिकवा, मदरशातल्या मुलांना गणित-विज्ञान शिकवा. हे सगळं मी मनापासून मानते, मी स्वतः त्यातूनच इथे उभी आहे. पण द्वेष पसरवणारं रेडिओ केंद्र, आरटीएलएम, उभं करणाऱ्यांत फर्दिनां नाहिमाना हा इतिहासाचा प्राध्यापक होता. ते केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं. त्यावर चांगली गाणी लागायची, गप्पा असायच्या, विनोद असायचे. तरुणांना ते आवडायचं. मग मधेच तुत्सींना ‘झुरळ’ म्हणायचे. नंतर नावं आणि पत्ते सांगायला लागले. गावठी, अडाणी माणसांनी कोयते चालवले असं आपल्याला वाटतं. कोयते त्यांनी चालवले, पण याद्या शिकलेल्यांनी केल्या.

किबुयेहून वर डोंगरात बिसेसेरो आहे. इथली गोष्ट वेगळी. इथले तुत्सी गुराखी पळाले नाहीत, टेकडीच्या माथ्यावर जमले आणि दगड, काठ्या, भाले घेऊन लढले. बिरारा नावाचा म्हातारा त्यांचा पुढारी. शत्रू जवळ येईपर्यंत जमिनीला चिकटून राहायचं आणि मग एकदम त्यांच्यात घुसायचं, म्हणजे त्यांना गोळी झाडता येत नाही, असं त्यांचं तंत्र. काही आठवडे ते टिकले. २७ जूनला फ्रेंच सैनिकांची एक तुकडी आली. लपलेले लोक बाहेर आले. सैनिक म्हणाले, आम्ही परत येऊ. ते ३० जूनला आले. मधल्या तीन दिवसांत, बाहेर आल्यामुळे दिसलेल्या शेकडो लोकांना मारलं गेलं. आज तिथे टेकडीवर चढत जाणारी नऊ लहान घरं आहेत, त्या वेळच्या किबुये प्रांतातल्या नऊ विभागांसाठी एकेक. चढताना दम लागतो. मला वाटतं, लागावा म्हणूनच तशी बांधली असावीत.

तिथून तळ्याच्या काठाकाठाने उत्तरेला गेलं की गिसेन्यी. आजचं रुबावू. वाळूचा किनारा, ताडाची झाडं, जुने बेल्जियन बंगले, रविवारी पोहणारी पोरं. मागे ज्वालामुखीचा डोंगर. आणि रस्ता संपतो तिथे काँगोची हद्द, पलीकडे गोमा शहर. जुलै १९९४ मध्ये आरपीएफ जिंकत आल्यावर काही दिवसांत लाखो हुतू याच नाक्यावरून पलीकडे गेले. त्यात मारेकरी होते आणि त्यांनी पुढे घालून नेलेले साधे लोकही होते. गोम्यात कॉलऱ्याची साथ आली आणि हजारो मेले. त्यांचं स्मारक मला कुठे दिसलं नाही.

या गिसेन्यीत मी चार दिवस राहिले, कारण इथल्या दोन माणसांनी मला धरून ठेवलं. दोघंही इथलीच म्हणावी अशी.

पहिला हसन न्गेझे. हुतू. आणि मुसलमान. ‘कांगुरा’ या पत्रिकेचा संपादक. डिसेंबर १९९० मध्ये त्याने ‘हुतूंच्या दहा आज्ञा’ छापल्या. तुत्सी बाईशी लग्न करणारा हुतू गद्दार, तुत्सीशी धंदा करणारा गद्दार, आणि हुतूंनी तुत्सींवर दया करू नये, असा सगळा मजकूर. २००३ मध्ये न्यायाधिकरणाने नाहिमानाबरोबर त्यालाही दोषी ठरवलं. आधी जन्मठेप, मग २००७ मध्ये अपिलात ३५ वर्षं.

दुसऱ्या फेलिसितास नियितेगेका. त्याही हुतू. कॅथॉलिक, चर्चच्या सेवेला वाहून घेतलेल्या. त्या आपल्या केंद्रात तुत्सींना लपवायच्या आणि रात्री त्यांना हद्द ओलांडून द्यायच्या. त्यांचा भाऊ सैन्यात कर्नल होता. त्याने निरोप पाठवला, तू निघून जा, तुला मारतील. त्यांनी नकार कळवला. २१ एप्रिलला त्यांना आणि त्यांच्या आसऱ्याला असलेल्यांना गावाच्या कब्रस्तानाजवळ नेऊन मारलं. त्या जागेला ‘कम्यून रूज’, लाल वस्ती, असं नाव पडलं. आता तिथे स्मारक आहे. 

आता आपल्या त्या संदेशाकडे येते. ‘मुसलमानांनी एकाही माणसावर हात उचलला नाही.’ द्वेषाची ती संहिता छापणाऱ्याचं नाव हसन होतं. आणि वाचवताना जीव देणारी बाई रोज चर्चमध्ये जाणारी होती. हे एका गावात.

मग संदेश खोटा आहे का? नाही, पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच मला तो नीट सांगायचा आहे. किगालीत न्यामिरांबो नावाचा भाग आहे. देशातली सगळ्यात जुनी मशीद तिथेच. स्वाहिली बोलणारे व्यापारी पूर्व किनाऱ्यावरून आले आणि त्यांच्याबरोबर इस्लाम आला. बेल्जियन राजवटीत आणि नंतरही मुसलमान कडेला ढकललेले होते. शाळा चर्चच्या, नोकऱ्या शाळा शिकलेल्यांना. ‘स्वाहिली’ हा शब्दच हिणवण्यासाठी वापरायचे. म्हणून मुसलमान धंद्यात, ड्रायव्हरकीत, दुकानदारीत. ऐकल्यासारखं वाटतंय ना? १९९४ च्या आधी राजकारण तापत होतं तेव्हा तिथल्या मुस्लिम नेत्यांनी मशिदींतून सांगितलं होतं की या वांशिक वैरात पडू नका. आणि कत्तल सुरू झाली तेव्हा पुष्कळ हुतू मुसलमानांनी खरोखरच तुत्सींना, मुसलमान असोत वा ख्रिश्चन, घरांत आणि मशिदींत लपवलं. पूर्वेकडच्या मबारे गावात मशिदीत आसरा घेतलेल्यांसाठी मुसलमान गावकरी लढले आणि त्यांच्याबरोबर मारले गेले. हे सगळं संशोधकांनी नोंदवलेलं आहे. नंतर काही वर्षं बरेच लोक मुसलमान झाले हेही खरं. पण ‘अर्धा देश’? जनगणनेत मुसलमान दोन टक्क्यांच्या आसपास आहेत.

न्यामिरांबोत एका दुकानदार चाचांशी बोलत होते. इंग्रजी थोडी, हिंदी सिनेमातली थोडी. मी तो संदेश त्यांना सांगितला. ते हसले. म्हणाले, आमच्यातही मारणारे होते, बेटी, माझ्या गल्लीतला एक तुरुंगात जाऊन आला. पण तो मारायला निघाला तेव्हा मशिदीतून कोणी त्याला शाबासकी दिली नाही. फरक तेवढा होता.

मी यावर बराच विचार केला आहे. तिथलं कॅथॉलिक चर्च सत्तेला चिकटलेलं होतं. किगालीचे आर्चबिशप अनेक वर्षं सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीत बसत होते. मुसलमानांकडे गमावण्यासारखी सत्ता नव्हती. ते एकमेकांच्या जवळ राहत होते, आपसांत लग्नं करत होते, आणि हुतू-तुत्सीच्या आधी त्यांची मुसलमान अशी ओळख होती. मग प्रश्न येतो, तिथल्या मशिदी सत्तेला चिकटलेल्या असत्या तर? त्याचं उत्तर जवळच आहे. २००३ पासून दारफुरमध्ये मारणारेही मुसलमान आणि मरणारेही मुसलमान. तिथे नमाजाने कोणाचा हात धरला नाही. म्हणून मला वाटतं, न्यामिरांबोच्या लोकांचं श्रेय त्यांचं त्यांना द्यावं, आपण ते आपल्या खात्यात जमा करू नये. आपण अल्पसंख्य आहोत तिथे आपल्याला शेजाऱ्याची किंमत कळते, हे ठीक. पण आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात, आपल्या ग्रुपवर आपण बहुसंख्य असतो. तिथे शियांबद्दल, अहमदियांबद्दल, मोहल्ल्यात राहणाऱ्या एखाद्या दलित किंवा हिंदू कुटुंबाबद्दल काय येतं, आणि आल्यावर कोण बोलतं? ‘मस्करी आहे, सोड’ असंच आपण म्हणतो. आरटीएलएमवरही बरीचशी मस्करीच असायची.

आणि अभिमान वाटून घ्यायचाच असेल तर एक नाव सांगते, जे त्या संदेशात कधीच नसतं. कॅप्टन म्बाये दियान्य. सेनेगलचे, मुसलमान, संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र लष्करी निरीक्षक. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने तिथलं सैन्य कमी करून २७० वर आणायचं ठरवलं, म्हणजे कत्तल ऐन भरात असताना. वरून आदेश होता की हस्तक्षेप करू नका. दियान्य आपल्या गाडीत एका वेळी चार-पाच माणसं लपवून नाक्यांवरून न्यायचे. नाक्यावरच्या पोरांना सिगरेट द्यायचे, हसवायचे, ओळख वाढवायचे आणि पुढे निघायचे. मारल्या गेलेल्या पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांच्या मुलांना त्यांनीच वाचवलं. अशी शेकडो माणसं. ३१ मे १९९४ ला नाक्यावर थांबले असताना तोफगोळ्याचा तुकडा लागून ते गेले. संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्या नावाने शौर्यपदक सुरू केलं आहे.

थोडं आजच्या रवांडाबद्दल, नाहीतर चित्र अर्धं राहील. लाखभर आरोपी तुरुंगात कोंबलेले, न्यायाधीश मारले गेलेले. मग त्यांनी ‘गाचाचा’ सुरू केलं. म्हणजे गवतावर बसून चालणारी गावपंचायत. २०१२ पर्यंत सुमारे १२ हजार अशा न्यायालयांत १९ लाखांहून जास्त खटले चालले. आरोपीला वकील नाही, साक्षीदारांवर दबाव, अशा तक्रारी झाल्या आणि त्या रास्त आहेत. पण ‘तुझ्या भावाला मी इथे पुरलं’ हे त्यामुळेच अनेकांना कळलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे मिळून रस्ते साफ करतात, झाडं लावतात. किगाली आपल्या कुठल्याही शहरापेक्षा स्वच्छ आहे. ओळखपत्रावरचा तो रकाना काढून टाकला आहे.

दुसरी बाजूही आहे. पॉल कागामे २००० पासून राष्ट्राध्यक्ष आहेत आणि २०२४ च्या निवडणुकीत त्यांना ९९ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. असा आकडा ऐकून तुम्हाला जे वाटलं तेच मलाही वाटलं. विरोधी नेत्या व्हिक्तुआर इंगाबिरे यांनी २०१० मध्ये गिसोझीच्या त्याच स्मारकात उभं राहून, मारल्या गेलेल्या हुतूंनाही आठवायला हवं असं म्हटलं. त्यांना अनेक वर्षं तुरुंगात काढावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोरांनी गोमा ताब्यात घेतलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यांच्यामागे रवांडाचं सैन्य असल्याचं वारंवार नोंदवलं आहे. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पुन्हा तंबू उभे राहिले होते. अत्याचार सोसलेल्यांच्या हाती सत्ता आली म्हणजे ते अत्याचार करणार नाहीत, याची हमी नसते. हे आपल्यालाही लक्षात ठेवायला हरकत नाही.

तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल तर भाषणानंतर भेटा, खर्चाचा अंदाज देते. एप्रिलमध्ये गेलात तर पाऊस असतो आणि स्मरणसप्ताहात गाणीबजावणी बंद असते, तेव्हा सहलीच्या मूडमध्ये जाऊ नका. स्मारकांत अंगभर कपडे घाला, फोटो विचारून काढा. कोणालाही ‘तुम्ही हुतू की तुत्सी’ असं विचारू नका. मार्गदर्शकाला वेळ द्या, ते रोज हीच गोष्ट सांगतात आणि रोज त्यांना ती जड जाते. आणि गिसेन्यीला गेलात तर किनाऱ्यावरून थोडं आत, कम्यून रूजला जा. मी गेले त्या दिवशी तिथे एक माळी आणि मी एवढेच होतो. त्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं, देश विचारला, आणि वहीत भारतातून याआधी कोण आलं होतं ते मागे पानं उलटून शोधत बसला.

आता प्रश्न घेऊ.